सोबतीला आलेले आण्णा

"अगं, डावा! मॅडम डावा हात म्हणतायत. डावा-उजवासुद्धा कळेना झाला का तुला?"

शेवाळे आण्णांचा आवाज हॉलभर घुमला आणि बाकीच्या सहाजणांचे हात जिथल्या तिथे थांबले. मी सगळ्यांच्या समोर खुर्चीवर बसले होते. आरशात बघून करावं तसं लोकांना करता यावं म्हणून तोंडाने 'डावा' म्हणायचं आणि आपला उजवा उचलायचा, अशी माझी पद्धत. अनसूयाकाकूंनी डावा हात वर धरला होता. तो बरोबर होता. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून ओरडणाऱ्या आण्णांचा वर होता तो उजवा.

काकूंनी आण्णांच्या हाताकडे पाहिलं, आपला डावा सावकाश खाली घेतला आणि उजवा वर केला.

"चुकलंच की," त्या म्हणाल्या. "लक्षच नसतं मेलं माझं."

"बघा," आण्णा मला म्हणाले, "घरी पण हे असंच चालतं."

मी "चला, आता दोन्ही हात" म्हणून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी वर्ग संपल्यावर खुर्च्या भिंतीला लावताना माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. बरोबर असलेला हात बाईंनी खाली का घेतला?

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची, कऱ्हाडची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते. बी. पी. एड. झालं होतं, खो-खोत जिल्ह्याच्या संघापर्यंत जाऊन आले होते आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसले होते. तेव्हा डॉ. तांबवेकर बाईंनी मला बोलावून घेतलं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी वाचनालयाच्या तळमजल्यावरचा हॉल त्यांनी मिळवला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम.

"तुलाही उभं राहता येत नाही, त्यांनाही भरवसा नाही. जमेल तुमचं," बाई हसून म्हणाल्या होत्या. मग दोन आठवडे त्यांनी मला शिकवलं. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आधी टाचा वर, मग चवडे वर. गुडघा सरळ करून पाच आकडे थांबायचं. बसल्या बसल्या चालल्यासारखे पाय आपटायचे, टाळ्या वाजवायच्या, चेंडू शेजारच्याकडे द्यायचा. आणि शेवटी म्हणाल्या, "तू मैदानावरची मुलगी आहेस, म्हणून मुद्दाम सांगते. इथे शिट्टी नाही, स्पर्धा नाही. आणि चूक दाखवायची नाही. कुणाचीच."

शेवाळे जोडपं नोटीसबोर्डावरचा कागद वाचून आपणहून आलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, पण तेव्हा आम्ही ती मागतही नव्हतो. रघुवीर शेवाळे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उंच, सरळ पाठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. निम्म्या तालुक्यातल्या जमिनींच्या हद्दी त्यांनी मोजलेल्या, त्यामुळे वाचनालयात पेपर वाचायला येणारे लोकही त्यांना उठून नमस्कार करायचे. काकू ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, पदर खोचलेल्या.

"हिला विसरायला होतं," पहिल्या दिवशी आण्णा सरळ म्हणाले होते. "एकटी करायची नाही ही. मी शेजारी बसलो तर चालेल का?"

"चालेल की," मी म्हटलं.

फॉर्म काकूंनीच भरला. पेशंटचं नाव, अनसूया रघुवीर शेवाळे. सोबत येणारी व्यक्ती, पती. वळणदार, स्वच्छ अक्षर. आण्णांनी खाली सही तेवढी केली. ज्याचं डोकं चालत नाही त्यानेच फॉर्म भरला, हे मला त्या वेळी खटकलं नाही. नंतर खटकलं. नंतर सगळंच खटकायला लागलं.

एकदा मी चेंडूचा खेळ घेतला. चेंडू ज्याच्या हातात येईल त्याने एका भाजीचं नाव सांगायचं. सखूआजी डुबल म्हणून एक फार म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे चेंडू आला की त्या "आला का गं माझा प्रल्हाद?" एवढंच विचारायच्या आणि आम्ही सगळे "येतोय, येतोय" म्हणायचो. आण्णांकडे चेंडू आला. "घेवडा," ते ठणकावून म्हणाले. दुसऱ्या फेरीला आला. "घेवडा." तिसऱ्या फेरीला चेंडू आधी काकूंकडे आला. त्यांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घेवडा."

"अगं, घेवडा आत्ताच झाला की! मीच सांगितला," आण्णा हसले, बाकीचेही हसले. काकू लाजल्यासारख्या झाल्या आणि त्यांनी चेंडू आण्णांच्या हातात दिला.

"घेवडा," आण्णा म्हणाले.

आता कुणाला नवल वाटलं नाही, कारण घेवडा म्हणजे जणू खेळातलाच विनोद झाला होता. मीही तसंच समजले. आण्णा गमतीचा माणूस दिसतोय, एवढंच मनात आलं.

वर्गानंतर चहा असायचा. थर्मासमधला चहा काकू सगळ्यांना ओतून द्यायच्या. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला अर्धाच कप, एकदाही चूक नाही. एकदा माझ्या हातात कप देताना हळूच म्हणाल्या, "आईच्या डोळ्याचं काय झालं गं? अठरा तारखेला होतं ना ऑपरेशन?"

मी बघतच राहिले. ही गोष्ट मी महिन्यापूर्वी, फोनवर कुणाशी तरी बोलताना म्हटली होती. माझ्या सख्ख्या भावाला ती तारीख आठवली नव्हती.

"चांगलं झालं, काकू. तुमच्या बरं लक्षात राहिलं?"

त्यांनी एकदम आण्णांकडे पाहिलं. आण्णा व्हरांड्यात कुणाशी बोलत उभे होते. "राहतं कधी कधी," त्या पुटपुटल्या आणि थर्मासचं झाकण लावायला लागल्या.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "असं असतं. एखादा दिवस चांगला जातो, एखादा वाईट." पण मी सात आठवडे पाहत होते. काकूंचा प्रत्येक दिवस चांगला जायचा. आण्णा बघत नसले की चांगला जायचा, असं म्हणायला हवं. ते बघत असले की मात्र त्यांचे हात चुकायचे, शब्द अडायचे, पाय उलटे पडायचे.

आणि आण्णांचं तोंड थांबायचं नाही. व्हरांड्यात जो भेटेल त्याला ते बायकोच्या चुका सांगायचे. परवा गॅस तसाच चालू ठेवून बाहेर गेली. कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली. मंडईतून यायला चुकीच्या रिक्षात बसली, तळबीडच्या रस्त्याला लागली होती. काकू शेजारी खाली मान घालून उभ्या असायच्या. "हो ना," म्हणायच्या. "काय होतंय मला, कळतच नाही."

माझी एक मावशी होती. तिच्या नवऱ्याने दहा वर्षं तिला "तुला अक्कल नाही, तुला काही कळत नाही" असं सांगून सांगून शेवटी तिलाच तसं वाटायला लावलं होतं. आमच्या घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी तेव्हा लहान होते, पण मावशीची ती खाली घातलेली मान मला पाठ होती. काकूंची मान अगदी तशीच होती.

हळूहळू माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. बाई धडधाकट आहे. हा माणूस तिला वेडी ठरवतोय. का, ते मला माहीत नव्हतं. त्याचा स्वभाव असेल, हुकमत गाजवायची सवय असेल. एकदा तो विचार मनात बसल्यावर मला आण्णांचा इस्त्रीचा शर्टही बघवेना.

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार होता. मी खिडकीपाशी उभी होते. रिक्षा फाटकाशी थांबली. आण्णा उतरले, त्यांच्या खांद्याला नेहमीची निळी पिशवी होती. ती त्यांनी उतरवून रिक्षाच्या सीटवर ठेवली, खिसे चाचपले, पुन्हा चाचपले. काकू दुसऱ्या बाजूने उतरल्या. रिक्षा निघून गेली. पिशवी तिच्यातच.

आत आल्यावर आण्णांनी खुर्चीखाली पाहिलं, मागे पाहिलं. आणि सुरू झाले.

"पिशवी कुठाय? अगं, माझी पिशवी कुठाय? तुझ्याकडे दिली होती ना?"

"हो... माझ्याकडेच होती," काकू म्हणाल्या. "राहिली वाटतं रिक्षात."

"राहिली वाटतं! एक काम सांगितलं तर धड नाही. सगळे कागद आहेत त्यात माझे. काय करावं हो या बाईला?" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "दिवसेंदिवस अक्कल चालली हिची!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ते दिसलं आणि मग मला काहीच दिसलं नाही.

"आण्णा, पिशवी तुमच्याकडे होती," मी म्हटलं. "मी खिडकीतून पाहिलं. तुम्हीच सीटवर ठेवलीत."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"आणि काकूंना काहीही झालेलं नाही," मी थांबले नाही. मला थांबता आलं असतं. "त्यांना माझ्या आईच्या ऑपरेशनची तारीख आठवते. कुणाच्या चहात साखर नाही हे आठवतं. त्यांचा हात कधीच चुकत नाही, तुम्ही ओरडलात की चुकतो. तुम्ही उगाच त्यांना आजारी ठरवताय."

सखूआजींनीसुद्धा प्रल्हादचं नाव काढलं नाही.

मला वाटलं होतं, काकू मान वर करतील. त्यांनी केली. पण त्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा हात सुटल्यावर आईचा चेहरा होतो, तसा तो चेहरा होता. मला काही कळेना.

"म्हणजे?" आण्णा म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "हिला काही झालेलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आपण इथे कशाला येतो गं?" त्यांनी काकूंना विचारलं. आणि ते उठले. शर्ट खाली ओढून सरळ केला. "चल. मॅडम म्हणतायत तुला काही झालेलं नाही. चल घरी."

आणि ताठ मानेने चालत ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथलं दार उघडून आत शिरले. ते दार जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीचं होतं. सात आठवडे, दर आठवड्याला दोनदा, ते व्हरांड्याच्या दाराने आले आणि गेले होते. आम्ही सगळे त्या उघड्या दाराकडे बघत होतो. आत काळोखात, छतापर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांच्या समोर, त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता. ते बाहेर येत नव्हते. वळतही नव्हते.

काकू धावल्याच. दाराशी जाऊन अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी मेलीने चुकीचं दार दाखवलं बघा. इकडून जायचं. या."

आणि त्यांचा हात धरून माझ्या समोरून घेऊन गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या दुपारी मी डॉक्टरबाईंना फोन करून सगळं सांगितलं.

"त्या बाईंना मी तपासलेलं नाही, वृषाली. दोघांपैकी कुणालाच नाही. पण तुला मी काय सांगितलं होतं?"

"चूक दाखवायची नाही."

"कुणाचीच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्रवारी शेवाळे आले नाहीत. पुढच्या मंगळवारी नाहीत. दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून मी वर्ग घेतला आणि तसाच पुढचा शुक्रवारही गेला. शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दार काकूंनी उघडलं, मला बघितलं आणि दार मागे ओढून घेत जिन्यातच बाहेर आल्या.

"काकू, माझं चुकलं. मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला," त्या म्हणाल्या. रागावून नाही. फार थकल्या होत्या. "तुझ्या जागी मी असते तरी तेच वाटलं असतं."

मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आण्णा संगमावर फिरायला गेले आणि चार तास परत आले नाहीत. स्वतः मोजलेल्या गावात रस्ता चुकले. साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं, तर बाहेर येऊन यांनी कागद फाडून टाकले. म्हणाले, अख्ख्या तालुक्याच्या हद्दी माझ्या डोक्यात आहेत, माझं डोकं गेलं म्हणणारा हा कोण? त्या डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरात बसून राहू देऊ नका, चार माणसांत न्या, हातपाय हलते ठेवा.

"पण स्वतःसाठी हे कुठे यायला? जीव गेला तरी आले नसते. माझ्यासाठी मात्र कुठेही येतात. मी आजारी आहे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी यांनीच विचारलं, कुठे न्यायचं तुला?" त्या थोडं हसल्या. "मग काय, जे त्यांचं चुकेल ते माझं. गॅस मी ठेवला. किल्ली मी टाकली. ते ओरडायचे, मी ऐकून घ्यायची. ओरडले तरी खुशीत असायचे गं. आपलं सगळं ठीक आहे असं वाटायचं त्यांना. तुझ्या वर्गाला यायचं म्हणून सकाळी आठला शर्ट घालून बसायचे."

"आणि आता?"

काकू जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिल्या.

"अकरा दिवस झाले. एकच विचारतात. तुला काही झालेलं नाही, तर मग गॅस कुणी चालू ठेवला? किल्ली कुणी टाकली? मी काही सांगितलं की गप्प बसतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गॅस कुणी चालू ठेवला? जेवत नाहीत धड. खुर्चीवरून उठत नाहीत."

जिन्यात खालून कुणीतरी वर आलं, काकूंना नमस्कार करून गेलं.

"मी आत येऊ?" मी विचारलं.

"काय सांगणार आहेस?"

"तुम्ही सांगत होतात तेच."

आण्णा खिडकीशी बसले होते. दोन्ही हात मांडीवर. शर्ट पांढराच, पण चुरगळलेला, गुंड्या एक सोडून एक लागलेल्या. मी समोर स्टूल ओढून बसले.

"आण्णा, मी वृषाली. वर्गाची."

"मॅडम," ते म्हणाले. ओळखलं होतं की नाही, सांगता येत नाही.

"मी माफी मागायला आले. त्या दिवशी मी जे बोलले ते चूक होतं. डॉक्टरबाई मला रागावल्या. काकूंना त्रास आहे. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. पिशवीसुद्धा..." मी काकूंकडे न बघता म्हणाले, "पिशवीसुद्धा काकूंकडेच होती. मीच नीट पाहिलं नव्हतं."

खोटं बोलायला मी जिन्यातून आत येताना मनाची तयारी केली होती. पण आजारी माणसाच्या समोर, धडधाकट बाईला तिच्या तोंडावर आजारी ठरवताना, जीभ जड होते. ज्या गोष्टीसाठी मी आण्णांचा इतके आठवडे राग केला, तीच मी आता त्यांच्या घरात बसून करत होते.

आण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग काकूंना म्हणाले, "मॅडमना चहा कर की."

काकू आत गेल्या. भांड्याचा आवाज आला तसे आण्णा पुढे वाकले.

"खरंच आहे का हो हिला?"

"हो."

"मग हे वाढत जाणार."

"हळूहळू," मी म्हटलं. "व्यायाम केला, माणसांत राहिलं, तर बरे दिवस जास्त मिळतात."

"शेवटी माणसं ओळखत नाहीत म्हणतात. घरातली."

"काहीजण नाही ओळखत."

त्यांनी मान हलवली. हिशेबी, कामाच्या माणसासारखी. समोरचा खुणा सांगतोय आणि आपण नकाशावर टिपून घेतोय, तशी.

"आणि तिला कळत असेल का? आपल्याला काय होतंय ते?"

याचं उत्तर मला डॉक्टरबाईंनी शिकवलं नव्हतं.

"सुरुवातीला कळतं, असं म्हणतात," मी म्हटलं.

"हं." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "भीती वाटत असेल मग."

"वाटत असेल."

"सोबत असल्यावर?"

"सोबत असल्यावर कमी वाटत असेल, आण्णा."

काकू चहा घेऊन आल्या. आण्णांनी कप हातात घेतला, काकूंकडे वर बघितलं आणि म्हणाले, "मंगळवारी जायचंय हं आपल्याला. तुझ्या व्यायामाला."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "जाऊ की," त्या म्हणाल्या.

मंगळवारी दोघंही आले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं येत राहिले. चुका वाढत गेल्या आणि मी त्या काकूंच्या नावावर घालत गेले. "काकू, टाच वर, चवडा नाही," असं मी म्हणायचे, आणि काकू "अगं बाई, हो का?" म्हणून आण्णांसकट पुन्हा पहिल्यापासून करायच्या. वर्गातल्या इतरांना काय वाटत असेल कोण जाणे. शेवटी शेवटी आण्णांना काकूंचं नाव येत नसे, पण पाय आपटताना त्यांना काकूंचा हात हातात लागायचा. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले.

काकू आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. चहा ओतायला अजूनही मंगळवारी येतात. गेल्या महिन्यात वर्ग संपल्यावर आम्ही दोघीच होतो, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "तू घरी आली होतीस त्या दिवशी मी चहाला आत गेले, तेव्हा काय बोलत होतात गं तुम्ही?"

इतक्या वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. प्रत्येक वाक्य मला आठवत होतं. काकू ऐकत होत्या.

"म्हणजे ते माझ्याबद्दल विचारत होते," शेवटी म्हणाल्या, "की स्वतःबद्दल?"

"मला नाही कळलं, काकू. तेव्हाही नाही आणि आजही नाही."

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "त्या दिवसानंतर ते मला कधी ओरडले नाहीत. एकदासुद्धा नाही. काही चुकलं की माझ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, असू दे. मला वाटलं आजार वाढला. मी रडले होते त्यासाठी."

बाहेर त्यांची रिक्षा आली होती. त्यांनी पदर सारखा केला, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या आणि दाराशी जाईपर्यंत दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मला वाटलं, काहीतरी विचारणार आहेत. पण त्यांनी विचारलं नाही.